व्हाइट सॉसचं पुणं

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस फार लहान असतो. निदान मी तरी होते. नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते, गुडघे स्वतःचे होते, केस निम्मे काळे होते आणि आपल्याला न कळणारं असं जगात काही उरलेलं नाही, याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या पोरीकडे वळून बघते तेव्हा वाटतं, कुणीतरी हिला समोर बसवून दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगायला हव्या होत्या. सांगत होते म्हणा, आमचे हे सांगत होते. पण नवऱ्याचं ऐकायचं नसतं एवढं शहाणपण मला उपजतच होतं.

मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं. म्हणजे काय, तर ज्या मुली घरी उत्तम पोळ्या लाटत होत्या त्यांना पोळी म्हणजे काय हे फळ्यावर आकृती काढून समजावलं. त्यात नववीला एक धडा होता, पाश्चात्त्य पदार्थांचा. व्हाइट सॉस, बेक केलेल्या भाज्या, कस्टर्ड. मैदा लोण्यावर परतायचा, दूध हळूहळू घालायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. तीस वर्षांत माझ्या व्हाइट सॉसमध्ये एकही गुठळी झाली नाही आणि तीस वर्षांत माझ्या घरात तो कुणी खाल्लाही नाही. आमचे हे मूळ अकोल्याकडचे. खडकीला कारखान्यात नोकरीसाठी आले ते पुण्यातच राहिले, पण जीभ त्यांनी अकोल्यालाच ठेवली. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या ताटात व्हाइट सॉस पडला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "भिंतीचं काम काढलंय का?"

तर अशी ही विदुषी धायरीच्या फ्लॅटमध्ये रिकामी बसली होती. मुलगा बंगळुरूला, त्याची खोलीही रिकामी. तेवढ्यात ओळखीतून एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंचा फोन आला. मेक्सिकोहून एक विद्यार्थिनी येते आहे, तिला मराठी घरात राहायचं आहे, ठेवून घ्याल का? तूर्त सहा आठवडे. सहा आठवड्यांनी तिनं आपल्या अभ्यासावर कॉलेजात बोलायचं. पसंत पडलं तर शिष्यवृत्ती वर्षभर वाढणार, नाही पडलं तर परतीचं विमान.

"अभ्यास कशाचा?" मी विचारलं.

"संस्कृतीचा," बाई म्हणाल्या.

संस्कृती म्हणजे देवळं, नाच आणि नऊवारी, असं मी मनात पक्कं करून टाकलं. पुढे काही विचारलंच नाही. विचारायचं ते मुलींनी, सांगायचं ते आपण, अशी तीस वर्षांची सवय.

पोरगी आली. चोवीस वर्षांची, ठेंगणी, गव्हाळ, पाठीवर जाडजूड वेणी. खालच्या वॉचमननं तिला नांदेडची समजून रजिस्टरमध्ये तसं लिहूनही टाकलं होतं. दारात उभं राहून तिनं हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. आपण मला आपल्या घरात स्थान दिलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे."

हे माझ्या कानाशी पुटपुटले, "तुझ्यापेक्षा शुद्ध बोलते."

आता मेक्सिकोबद्दल मला काय माहीत होतं ते सांगते, म्हणजे माझ्या बुद्धीची झेप कळेल. मेक्सिको अमेरिकेला चिकटलेला आहे. अमेरिकेतली माणसं पाव-लोणी खातात. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं जेवण सारखंच असणार, म्हणून मेक्सिकोतली माणसंही पाव-लोणी खातात. शिवाय माझ्या भाचीकडे आलेली एक अमेरिकन पाहुणी भरली मिरची नुसती चाटून दवाखान्यात गेली होती. परदेशी माणसाचं पोट हे काचेचं भांडं, आणि हे भांडं आता माझ्या ओट्यावर ठेवलेलं. मी पदर खोचला.

पहिल्याच संध्याकाळी तिच्यापुढे फ्लॉवर, व्हाइट सॉसमधला. शेजारी उकडलेला बटाटा. बटाट्यावर मी आधी चिमूटभर मिरपूड घातली होती, पण मग वाटलं, कशाला विषाची परीक्षा, आणि चमच्यानं काढून घेतली. शेवटी कस्टर्ड.

तिनं सगळं संपवलं. ताटात कण ठेवला नाही. मग जरा विचार करून म्हणाली, "अत्यंत सौम्य."

ही तारीफ आहे, याबद्दल मला शंका आली नाही. त्यात तिनं एक छोटी वही काढली आणि काहीतरी टिपून घेतलं. माझी कृती लिहून घेते आहे, असं वाटून मी इतकी फुगले की त्या रात्री यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा हे म्हणाले, "दवाखान्यातला डाएटही लिहूनच देतात."

आता प्रश्न आमच्या दोघांच्या जेवणाचा. आम्ही काही तो फ्लॉवर खाणार नव्हतो. पण तिच्यापुढे पांढरं वाढून आपण पिठलं-भाकरी घेऊन बसायचं, तर तो पंक्तिप्रपंच. एका पंगतीत दोन तऱ्हेचं वाढणाऱ्या बाईला कुठल्या नरकात पाठवतात ते मी कसब्यातल्या माहेरी लहानपणापासून ऐकत आले होते. तेव्हा मी एक शोध लावला. पंगत एक असली तर पंक्तिप्रपंच होतो. पंगती दोन केल्या तर होत नाही. तिला सात वाजता दिवाणखान्यात वाढायचं. तिचं झालं, ती खोलीत गेली, की आम्ही आठ वाजता स्वयंपाकघरात. दार बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, एक्झॉस्ट फॅन चालू. आत पिठलं, ज्वारीची भाकरी आणि यांच्यासाठी खलबत्त्यात कुटलेला ठेचा.

"चाळीस वर्षं कारखान्यात दारूगोळा सांभाळला," हे भाकरी मोडत म्हणाले, "पण एवढा बंदोबस्त तिथे नव्हता."

"हळू बोला."

"का? ठेच्याला ऐकू जातं?"

तरी वास जायचाच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काकू, संध्याकाळी हा सुगंध कोठून येतो?"

"शेजारून," मी म्हणाले. शेजारचे बिचारे मधुमेही, दुधी खाऊन जगणारे.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जेवताना ती मधेच ताट घेऊन खोलीत जायला लागली. "मला थोडे लेखन करायचे आहे," म्हणायची. बाहेर यायची तेव्हा ताट चकचकीत आणि डोळे लाल, नाक लाल, हुंदका दाबल्यासारखा श्वास. मी लगेच ओळखलं. पोर रडते आहे. आईची आठवण येते आहे. एवढ्या लांब, परक्यांच्या घरी. आणि अशा वेळी आई काय करते? कस्टर्ड करते. मी कस्टर्ड दुप्पट केलं. तिचे डोळे आणखी लाल. मी त्यात केळं घातलं. एके दिवशी ती इतकी लाल होऊन बाहेर आली की मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "बाळा, मोकळी हो." ती मला घट्ट बिलगली आणि शिंकली.

बाहेर कॉलेजातल्या मुलांबरोबर ती मिसळ खाते, वडापाव खाते, हे तिनेच मला सांगितलं. मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी तिला पेज दिली. पेज चमच्यानं ढवळत तिनं अगदी हळू विचारलं, "काकू, बाहेर इतके तिखट आणि आपल्या घरात इतकी शांतता. असे का?"

खरं सांगायची ही नामी वेळ होती. अठ्ठावन्न वर्षांची पोरटी काय म्हणाली? मान जराशी कलती करून, लांब कुठेतरी बघत म्हणाली, "बाहेरचं ते बाहेर. घर ते घर."

तिनं तेही टिपून घेतलं. दोनदा अधोरेखित केलं.

"आणि आपण दोघे केव्हा जेवता?"

"नंतर."

"मी पाहू शकते का?"

"नाही गं. आमच्यात तसं नसतं."

तेही वहीत गेलं. मग तिनं विचारलं, घरातले आवाज नोंदवले तर चालेल का? मला वाटलं, कुकरच्या शिट्ट्या, देवघरातली घंटा. म्हटलं, नोंदव की. कुकरला तर मी त्या दिवशी मुद्दाम दोन शिट्ट्या जास्त दिल्या.

सहा आठवडे असे गेले. भाषणाच्या आदल्या दिवशी दुपारी ती कागद घेऊन आली. "काकू, आपण माझे मराठी तपासाल का?"

तपासायचं म्हटल्यावर माझ्या अंगात वारं आलं. कपाटातून लाल पेन काढलं, चष्मा चढवला, यांनाही समोर बसवलं. ती उभी राहून वाचायला लागली.

"पुण्यातील घरगुती भोजन: अंतर्गत शांततेचा सिद्धांत."

मी हुं म्हटलं. भोजन? देवळं कुठे गेली?

"आजवरच्या सर्व ग्रंथांत या शहराचे जेवण तिखट असल्याचे म्हटले आहे. ते केवळ रस्त्यापुरते खरे आहे. मी सहा आठवडे एका पारंपरिक घरात राहिले. तेथे मला आढळले की उंबरठ्याच्या आत तिखट, हळद व फोडणी निषिद्ध आहे. मुख्य अन्न फ्लॉवर. त्यावर पांढरा लेप देतात. हा लेप परंपरेने स्त्रिया करतात आणि त्यात गुठळी होणे अशुभ मानतात."

गुठळीबद्दल मी तिला बरंच सांगितलं होतं, हे खरं.

"यजमान पाहुण्यासमोर जेवत नाहीत. पाहुणा उठल्यावर ते बंद खोलीत जातात. दाराला ओले वस्त्र लावतात. आतून काही काळ खोकल्याचे आवाज येतात. ही बहुधा प्रार्थना असावी."

हे उठले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. आतून खोकल्याचे आवाज आले. तिनं माझ्याकडे बघून आदरानं मान झुकवली.

माझ्या हातातलं लाल पेन तसंच. सहा आठवडे ही पोर आमच्या घरात जेवत नव्हती, अभ्यास करत होती, आणि मी तिला जे वाढलं त्यावर तिच्या वर्षाचा निकाल लागणार होता. उद्या अकरा वाजता. बोल बये, मी स्वतःला म्हटलं, आत्ता बोल. पण बोलायचं म्हणजे काय काय कबूल करायचं? की तुला वेगळं वाढलं, आम्ही चोरून चांगलं खाल्लं, शेजाऱ्यांवर ढकललं, आणि तुझा देश कुठे आहे हेही मला धड माहीत नाही. ती डोळे मोठे करून विचारत होती, "काकू, चूक आहे का?"

"'परंपरेने'मधला पहिला प अस्पष्ट आलाय," मी म्हणाले. "बाकी छान."

सकाळी चहाच्या वेळी हे म्हणाले, "तिचा प गिरवून दिलास. आता तिचं वर्ष कोण गिरवून देणार?"

"पसंत पडेलही," मी म्हणाले. "नवा सिद्धांत आहे."

"पडेल ना. शंभर वर्षांनी पुस्तकात येईल, पुण्यात सगळे फ्लॉवर खात होते. आपल्या घराला बाहेर पाटी लावतील."

ती आधीच बसनं निघून गेली होती. मी उठले, ओट्याशी गेले आणि मिरच्या तव्यावर टाकल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मिरची भाजताना स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सबंध घर शिंकलं. भाकऱ्या थापल्या, पिठलं घोटलं, ठेचा कुटला, सगळं डब्यात भरलं. काय करणार होते त्या डब्याचं, मलाच ठाऊक नव्हतं. भाषणाआधी तिला गाठून सांगू, एवढंच डोक्यात. मग सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीनं आपलं काम चोख बजावलं. आम्ही पोचलो तेव्हा भाषण सुरू झालं होतं.

छोटा वर्ग, पंधरा-वीस माणसं. प्राध्यापक बाई पहिल्या रांगेत. आम्हाला बघून पोरीचा चेहरा उजळला. "ही माझी माणसे," तिनं सगळ्यांना सांगितलं. मी डबा मांडीवर घेऊन चोरासारखी बसले.

पडद्यावर माझा फ्लॉवर आला, भिंतीएवढा. मागून कुणीतरी खुसखुसलं. मग पेज. मग कस्टर्ड, केळ्यासकट. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पडद्यावर आमचं स्वयंपाकघराचं बंद दार आलं, खाली टॉवेल. "आता मी आपल्याला ती प्रार्थना ऐकवते," पोरगी म्हणाली. "शब्द अस्पष्ट आहेत. बहुधा प्राचीन असावेत."

तिनं बटण दाबलं.

आधी एक्झॉस्ट फॅन. मग ठसका. मग दुसरा ठसका, माझा. आणि मग, चाळीस वर्षं पुण्यात राहूनही मिरची लागली की हमखास अकोल्याला परत जाणारा आमच्या ह्यांचा आवाज, स्वच्छ, खणखणीत: "लय तिखट झाला वं ठेचा! पानी दे, पानी!"

मग सबंध वर्ग फुटला. मुलं बाकं बडवून हसत होती. यांनी रुमाल तोंडावर घेतला. आणि ती पोर समोर उभी, हातात कागद, एकदा या चेहऱ्याकडे एकदा त्या, ओठांवरचं हसू तसंच अडकलेलं. आपण कुठला उच्चार चुकलो ते आठवत होती.

मला ते बघवेना. मी उठले. डबा हातात तसाच.

"हसू नका," मी म्हणाले. वर्गावर ओरडायचा सराव होता, गप्प झाले. "तिची काही चूक नाही. तिनं जे बघितलं ते तसंच्या तसं लिहिलंय. लबाडी माझी आहे. परदेशातली पोर म्हणून मी तिला वेगळं वाढलं आणि आम्ही दोघं आत दार लावून ठेचा खात होतो. रोज. सहा आठवडे."

बाईंनी वळून बघितलं. "आणि काकू, हिला सहा आठवडे काय घातलंत तुम्ही?"

"नववीचा अभ्यासक्रम," मी म्हणाले.

पोरीकडे बघायचं माझं धाडस होईना. तिनं कागद टेबलावर ठेवले, पिशवीजवळ गेली, खाली वाकली. मला वाटलं, निघाली. तिनं पिशवीतून एक बोटभर उंचीची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. तळाशी लालभडक पूड, चमचाभर उरलेली.

"माझ्या आईने दिलेली," ती म्हणाली. "काकू, मी खोलीत जाऊन आपल्या फ्लॉवरवर हे घालत होते. रोज. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून दार लावत होते."

म्हणजे ते लाल डोळे. तो हुंदका. ते केळं.

"तुमच्याकडे मिरची खातात?" मी विचारलं. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता तर दूध बरंच वाचलं असतं.

"काकू," ती म्हणाली, "आमच्याकडे मुले मिठाईतसुद्धा मिरची खातात."

प्राध्यापक बाई बराच वेळ तिचे कागद चाळत बसल्या. एका बाजूला पोरगी बाटली धरून, एका बाजूला मी डबा धरून, दोघी बाकावर उभ्या केल्यासारख्या. शेवटी बाई म्हणाल्या, "टिपणं चोख आहेत. टॉवेलसुद्धा सुटला नाही. सिद्धांत तेवढा टाकून दे आणि शीर्षक बदल. पुणेकर काय खातात हे तुला कळलेलं नाही, पण पाहुण्याला काय खाऊ देत नाहीत, हे तू छान पकडलंयस. त्यावर कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. लिही. घे वर्ष."

पोरीनं माझा हात इतका आवळला की डबा पडता पडता वाचला.

"एक अट," बाई म्हणाल्या. "आता दाराच्या आत बसून."

बाहेर व्हरांड्यात कठड्यावर डबा उघडला. मी तिला भाकरीचा तुकडा मोडून दिला, वर ठेचा ठेवला, पाण्याची बाटली उघडून तयार धरली. बाईही बघत होत्या. तिनं घास घेतला, डोळे मिटून चावला. मग माझ्याकडे बघून, दुखवायचं नाही म्हणून शब्द शोधत म्हणाली, "अत्यंत..."

"बोल."

"सौम्य."

हे कठड्याला धरून खाली बसले. हसायला लागले की त्यांना उभं राहता येत नाही.

वर्षभर ती स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवली. टॉवेल परत बाथरूममध्ये गेला. तिनं यांना तिखटात हरवलं, भाकरी माझ्यापेक्षा गोल थापायला लागली, आणि मराठी इतकी बिघडली की 'पानी दे वं' म्हणायला लागली. मग ती गेली, शिकली, लग्न केलं. दिवाळीला फोन येतो.

गेल्या हिवाळ्यात नवरा आणि दोन मुलांना घेऊन ती आठ दिवस आली. मी आठवडाभर आधीपासून मिरच्या जमवल्या होत्या. भरली मिरची, ठेचा, झणझणीत रस्सा, माझी माहेरची आमटी, सगळं काही ठरलेलं. आल्या आल्या तिची धाकटी माझ्या पदराला ओढत आईला काहीतरी विचारू लागली. मी म्हटलं, काय हवंय बाळाला?

"काकू," ती जरा लाजत म्हणाली, "मुलं विचारतात, ते पुण्याचं जेवण केव्हा? मी त्यांना घरी रविवारी करून देते. पण माझ्या लेपात गुठळी होते."

मला समजायला वेळ लागला. यांना लगेच समजलं. त्यांनी पिशवी उचलली.

"कुठे निघालात?"

"फ्लॉवर आणतो," हे म्हणाले. "आणि मैदा. भिंतीचं काम निघालंय."